पाच लिटरची पेटी

मैदानावरून किंवा एखाद्या सभागृहातून थेट प्रक्षेपण करणाऱ्या बीबीसीच्या ओबी व्हॅनमध्ये १९७०च्या सुमारास एक साधी अडचण होती. गाडीत एका भिंतीवर कॅमेऱ्यांच्या पडद्यांची चळत, समोर मिक्सर, दाटीवाटीने बसलेली माणसं आणि सतत चाललेल्या सूचना. या गर्दीत बसून, प्रेक्षकाच्या घरी जाणारा आवाज कसा आहे हे पारखायचं असायचं. स्टुडिओतले कपाटाएवढे स्पीकर गाडीत मावणार नव्हते, आणि नुसत्या हेडफोनवर विसंबून आवाजाचा निर्णय घेणं तिथल्या अभियंत्यांना मान्य नव्हतं. हवा होता तो फळीवर, हाताच्या अंतरावर ठेवता येईल असा स्पीकर. निवेदकाचा आवाज नाकातून येतोय का, माईक तोंडाच्या फार जवळ आहे का, हे त्याच्यावर ऐकून छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

त्यातून जी पेटी तयार झाली तिची उंची ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६. आत हवा मावते जेमतेम पाच लिटर. वजन पाच किलोच्या आसपास. नाव एलएस३/५ए. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, ३ हा आकडा बाहेरच्या प्रक्षेपणासाठी नेण्याजोग्या स्पीकरांचा (स्टुडिओतल्या स्पीकरांना ५), रेघेपुढचा ५ हा अनुक्रमांक आणि ‘ए’ ही सुधारित आवृत्ती. टेबलावरच्या फायलीला शोभावं असं हे नाव हाँगकाँगपासून पुण्यापर्यंतच्या शौकिनांच्या तोंडात पन्नास वर्षं आहे. त्यावरून मैत्री होते, भांडणं होतात आणि बरेच पैसे हातोहात फिरतात.

माझ्या मते या पेटीची सगळी गंमत एका गोष्टीत आहे. ती आधी कागदावर पक्की झाली आणि मग परवाना घेणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला त्या कागदाबरहुकूम बनवावी लागली. तिचे गुण, तिच्या खोडी, तिचं मिळणं आणि न मिळणं, या सगळ्याचा माग त्या कागदापर्यंत जातो.

तिचा जन्म मात्र भलत्याच कामातून झाला. सरे परगण्यातल्या किंग्जवुड वॉरन इथे बीबीसीचा संशोधन विभाग होता. नवा स्टुडिओ बांधण्याआधी तो कसा ऐकू येईल हे कळावं म्हणून तिथे स्टुडिओच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती करून पाहत. खोली आठपट लहान केली की ध्वनीच्या लहरीही आठपट आखूड हव्यात. म्हणून ध्वनिमुद्रण आठपट वेगाने वाजवायचं, प्रतिकृतीत छोट्या माईकने टिपायचं आणि पुन्हा मूळ वेगावर आणून ऐकायचं. खऱ्या खोलीतले ५० हर्ट्झ प्रतिकृतीत ४०० हर्ट्झ होतात. या कामासाठी लागणारा स्पीकर लहान असून चालत होता, पण तो अतिशय स्वच्छ असायला हवा होता. तसा तो केल्यावर अभियंत्यांच्या लक्षात आलं की साध्या वेगाने वाजवला तरी तो आकाराच्या मानाने फार चांगला वाजतो. गाडीसाठीच्या स्पीकरचा शोध चालू होताच. दोन्ही कामं बीबीसीतलीच, त्यामुळे धागा जुळायला वेळ लागला नाही.

ऑक्टोबर १९७६मध्ये बीबीसीने या स्पीकरवरचा संशोधन अहवाल काढला. त्यावर नावं आहेत एच. डी. हारवुड, एम. ई. व्हॅटन आणि आर. डब्ल्यू. मिल्स यांची. यातले डडली हारवुड पुढच्याच वर्षी स्वतःची कंपनी काढून बसले आणि तिला स्वतःच्या नि पत्नी एलिझाबेथच्या नावाचे तुकडे जोडून हारबेथ हे नाव दिलं. त्यांच्याआधी बीबीसीतल्याच स्पेन्सर ह्यूज यांनीही तसंच केलं होतं: स्पेन्सर आणि डोरोथी मिळून स्पेंडॉर. ब्रिटिश हाय-फायच्या निम्म्या वंशावळीचं मूळ या एका सरकारी छापाच्या प्रयोगशाळेत सापडतं.

या मंडळींची आवाज पारखण्याची रीत मला फार आवडते. मोजमाप यंत्रं होतीच, पण अंतिम निकाल कान द्यायचा, आणि कानासमोर ठेवायचं ते माणसाचं बोलणं. एक माणूस स्टुडिओत बोलतोय, त्याचा आवाज माईकमधून स्पीकरवर येतोय. दार उघडून खऱ्या माणसाला ऐकायचं, परत येऊन स्पीकर ऐकायचा. ऑर्केस्ट्रा कसा वाजतो याबद्दल दोन माणसांचं एकमत होणार नाही. पण समोरचा गृहस्थ बोलताना कसा वाटतो, हे कुणालाही कळतं. त्यामुळे या पेटीची सगळी घडण बोलणाऱ्या, गाणाऱ्या गळ्याभोवती झाली.

आता ती उघडून पाहू.

पुढच्या फळीवर दोनच युनिटं आहेत आणि दोन्ही केईएफ कंपनीची. केंट परगण्यातली ही कंपनी १९६१मध्ये रेमंड कुक यांनी काढली. तेही पूर्वी बीबीसीत होते. वूफर बी११०. याचा शंकू कागदाचा नाही, बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा आहे. कागदाचा शंकू दोन सारखे निघतील याची खात्री नसते, दमट हवेत त्याचा गुणही बदलतो. प्लास्टिकचा पत्रा तापवून ओढला की शंभर शंकू बरेचसे सारखे निघतात. पण नुसतं बेक्स्ट्रीन वाजताना किणकिणतं, म्हणून त्यावर चिकट लेप द्यावा लागतो, आणि लेपामुळे शंकू जड होतो. वूफर जड झाला की आवाज कमी निघतो. हा व्यवहार बीबीसीने डोळे उघडे ठेवून केला. ट्वीटर टी२७, १९ मिलिमीटरचा मायलरचा घुमट. दोन्ही युनिटांची रचना माल्कम जोन्स यांची. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ट्वीटरभोवती जाड फेल्टच्या पट्ट्यांचा चौकोन आहे. नवख्याला वाटतं हे वाहतुकीत लागू नये म्हणून आहे. खरं कारण असं की ट्वीटरमधून निघालेला आवाज पेटीच्या कडेपर्यंत सरपटत जातो आणि कडेवरून उसळून थोडा उशिरा कानावर येतो. फेल्ट तो वाटेतच शोषून घेतो. घुमटावर छिद्रांची धातूची जाळी आहे, तीही आवाजात किंचित फरक करते आणि तो फरक धरूनच हिशोब केलेला आहे. पुढचं कापडही तसंच. टायगन नावाच्या विणलेल्या प्लास्टिकच्या कापडाची ही चौकट वेल्क्रोने बसते. इतर स्पीकरांची जाळी काढून ऐकायची शौकिनांना सवय असते. इथे ती काढली तर तुम्ही चूक ऐकताय, कारण कापड हा स्पीकरचा भाग आहे. नव्या मालकाने टायगन फाटलं म्हणून साडीच्या दुकानातून काळं जॉर्जेट आणून लावलं, तर वरच्या पट्टीतला तोल थोडा का होईना, ढळलाच.

पेटीचं लाकूड हे वेगळंच प्रकरण. बर्च प्लायवुड, साधारण १२ मिलिमीटर जाडीचं. बोटाने वाजवलं की पोकळ ठक्क आवाज येतो, आणि विकणारा लाजतो. जाड, वजनदार, दगडासारखी पेटी म्हणजे चांगली पेटी अशी आपली समजूत असते. बीबीसीचं म्हणणं उलटं होतं. भिंत जाड केली की तिचा स्वतःचा झंकार नाहीसा होत नाही, फक्त वरच्या पट्टीत सरकतो, आणि नेमका तिथे जातो जिथे माणसाचा कान सर्वात तिखट असतो. त्यापेक्षा भिंत पातळ ठेवा, आतून डांबरी पत्रे चिकटवा. झंकार खाली राहील आणि लवकर मरेल. कोपऱ्यांना आतून ज्या पट्ट्या ठोकतात त्या बीच लाकडाच्याच हव्यात असंही कागदात आहे. पराना पाइनच्या पट्ट्या वापरल्या तर पेटीच्या स्वरात फरक पडतो, हे बीबीसीला आढळलं होतं. कोपऱ्यातल्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या पट्टीच्या लाकडाची जात ठरवून देणारा हा कागद वाचला की या लोकांबद्दल आदर वाटतो आणि थोडी भीतीही.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारी पाटी. ती साध्या स्पीकरांत दोन-चार सुट्या भागांची असते. इथे मात्र ती गच्च भरलेली आहे. वाटणी ३ किलोहर्ट्झच्या आसपास होते. तिच्यात एक छोटा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याला अनेक टॅप काढलेले आहेत. कारखान्यात हातात आलेला वूफर आणि हातात आलेला ट्वीटर यांची मोजणी करायची, आणि दोघांचा मेळ बसेल त्या टॅपवर तार डाखायची. म्हणजे प्रत्येक पेटी आपल्या दोन युनिटांपुरती जुळवलेली. उद्या ट्वीटर जळला आणि तुम्ही दुसरा टी२७ आणून बसवला, तर पेटी वाजेल, पण टॅप मात्र जुन्या ट्वीटरच्याच हिशोबाचा राहील.

या काटेकोरपणाचा पहिला फटका खुद्द बीबीसीलाच बसला. मूळ एलएस३/५ तयार झाला, थोड्या पेट्या बनल्या, आणि पुन्हा युनिटं मागवली तेव्हा केईएफच्या बी११० आणि टी२७मध्ये बदल झालेला होता. बाजाराच्या नजरेने किरकोळच, पण क्रॉसओव्हरचं गणित कोलमडलं. १९७४च्या आसपास अभियंत्यांना सगळं नव्याने जुळवावं लागलं, आणि नावापुढे ‘ए’ लागला. इतर कुठल्या कंपनीने असला बदल गुपचूप पचवला असता.

बीबीसी ही काही घरोघर स्पीकर विकणारी संस्था नव्हती. तिने हा आराखडा परवान्यावर बाहेर दिला. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, गुडमन्स, हारबेथ, केईएफ अशा कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात ही पेटी बनवली. सर्वात जास्त बनवली ती रॉजर्सने, त्यामुळे पुष्कळांच्या तोंडी ‘रॉजर्स’ म्हणजेच एलएस३/५ए. आराखडा एक, बनवणारे अनेक. एकच बंदिश निरनिराळ्या घराण्यांनी गावी तसं. कागदानुसार सगळ्या सारख्याच वाजायला हव्यात. शौकीन शपथेवर सांगतील की चार्टवेल जास्त मोकळी, स्पेंडॉर जास्त गोड. मी या वादात पडत नाही. चाळीस-पन्नास वर्षं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या हवेत काढलेल्या दोन जोड्यांची तुलना करून कारखान्याचा गुण सांगणं हे धाडस आहे.

गाडीसाठी केलेली पेटी घरात कशी शिरली, याचं उत्तर सोपं आहे. खोल्या लहान होत्या. ब्रिटनमधल्या, जपानमधल्या, हाँगकाँगमधल्या. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून हळू आवाजात ऐकणाऱ्याला, आणि मुख्यतः गाणं, बोलणं, चार-पाच वाद्यं ऐकणाऱ्याला, ही पेटी वेड लावते.

तिच्यात खालचा स्वर नाही, हे आधी मान्य करायला हवं. भौतिकशास्त्र इथे सवलत देत नाही: पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि आवाज मोठा हवा, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. बीबीसीने लहान पेटी घेतली आणि बाकी दोन्हींत तडजोड केली. साधारण ७० हर्ट्झच्या खाली पेटी गप्प होते. पण त्याच्या थोडं वर, सव्वाशे-दीडशे हर्ट्झच्या भागात, तिच्यात किंचित फुगवटा आहे. तेवढ्यावर कान फसतो आणि खर्ज भरलेला वाटतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे याला लबाडी म्हणतात. मला ती चतुराई वाटते, कारण ती नेमक्या जागी केली आहे: पुरुषाच्या आवाजाला छाती मिळते आणि तबल्याचा डग्गा गोल वाटतो.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याने ही पेटी पारखायची तर सर्वात चांगली चाचणी पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाची आहे. पुलंचा आवाज, मध्येच बदललेली पात्रं, सभागृहातला हशा. बोलणाऱ्या माणसावर तासलेला हा स्पीकर असल्याने पुलं दोन पेट्यांच्या मध्ये, जरा मागे, उभे राहतात. पेट्या नाहीशा होतात. सभागृह किती मोठं असेल याचाही अंदाज येतो. मग किशोरी आमोणकर लावा. तानपुऱ्याची जवारी हा बहुतेक स्पीकरांचा काळ असतो. एकतर ती पत्र्यासारखी खरखरते नाहीतर मऊ होऊन पाठीमागे विरते. इथे ती गळ्याच्या मागे, वेगळी, सलग राहते. मल्लिकार्जुन मन्सूरांची दमसास न तोडता गुंफलेली तान, त्यातला श्वास घेण्याचा चोरटा क्षणसुद्धा ऐकू येतो. आणि मिरवणुकीतला ढोल-ताशा लावलात तर पेटी हात जोडते. ताशा मिळेल, ढोल मिळणार नाही. हट्टाने आवाज वाढवलात तर बी११०ची कॉइल तळाला आपटल्याचा टकटक आवाज येईल, आणि मग खरा खर्च सुरू होईल.

अँपची निवड हा या पेटीचा सर्वात जास्त चघळलेला विषय. १९८७पर्यंतची आवृत्ती १५ ओहमची, आणि २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर जेमतेम ८३ डेसिबल देणारी. आजचा साधा स्पीकर तेवढ्याच व्होल्टेजवर ८८-८९ देतो. त्याच्याएवढा आवाज हवा तर इथे जवळपास दुप्पट व्होल्टेज लागतं. त्यात १५ ओहम म्हणजे ट्रान्झिस्टर अँपची ताकद आपोआप अर्धी: ८ ओहमला ५० वॉट देणारा अँप १५ ओहमला २५-२७ वॉटवर थांबतो. एवढं वाचून माणूस दोनशे वॉटचा अँप आणायला निघतो, आणि फसतो, कारण पेटीची सोसण्याची ताकदही पंचवीस-तीस वॉटचीच आहे. तिला हवा असतो मध्यम ताकदीचा, स्वच्छ अँप. व्हॉल्व्हवाल्यांना ही पेटी प्रिय आहे ती यामुळेच. व्हॉल्व्ह अँपच्या ट्रान्सफॉर्मरला १५-१६ ओहमचा टॅप असला की जोडी झकास बसते. क्वाडचा जुना १५ वॉटचा व्हॉल्व्ह अँप आणि ही पेटी, हे ब्रिटिश मध्यमवर्गीय दिवाणखान्यातलं जुनं लग्न आहे.

स्टँडबद्दल मी हट्टी आहे. पुस्तकांच्या कपाटात कोंबलेली एलएस३/५ए ऐकून मत देऊ नये. भिंत जवळ आली की तो सव्वाशे हर्ट्झचा फुगवटा ढोलका होतो. ट्वीटर कानाच्या पातळीवर, मागची भिंत दोन-तीन फूट दूर, बसणारा सहा-सात फुटांवर. आयातीचे स्टँड स्पीकरच्या किमतीत भर घालतात. त्यापेक्षा गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे करून घ्यावेत आणि पाइपात भाजून कोरडी केलेली वाळू भरावी. आपल्या घरांची खरी अडचण लादी आणि उघड्या भिंती. टाइल्सवरून उसळलेला आवाज तीन लाखांच्या स्पीकरलाही कर्कश करतो. बसायच्या जागेपुढे जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीवर पुस्तकं, एवढ्याने जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या केबलने पडलेला मी ऐकलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या या पेट्या १९८७मध्ये बदलल्या. बी११० पुन्हा सरकू लागला होता. वर्षागणिक युनिटांचा गुण बदलत होता आणि मोजून नाकारलेल्यांचा ढीग वाढत होता. केईएफने वूफर सुधारला, क्रॉसओव्हर नव्याने आखला गेला आणि इम्पिडन्स ११ ओहम झाला. ही आवृत्ती जास्त सारखी निघते, थोडी जास्त ताकद सोसते आणि आजच्या अँपांना जास्त सोयीची आहे. तरीही भाव १५ ओहमवालीलाच जास्त. डोळे बांधून ऐकवलं तर किती जण ओळखतील याबद्दल मला शंका आहे. पण जुन्या बाजारात कानाइतकीच नावाची पाटीही बोलते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केईएफने ही युनिटं देणं थांबवलं आणि गाडी अडली. कागद होता, परवाना होता, माल नव्हता. लाकूड दुसरं मिळवता येतं, फेल्ट मिळतं. पण कागदात ‘बी११०’ लिहिलेलं असताना बी११० नसेल तर काय करायचं? याची दोन उत्तरं निघाली. स्टर्लिंग ब्रॉडकास्टने दुसऱ्या कंपन्यांकडून जवळच्या गुणाची युनिटं खास करून घेतली, आणि स्पेन्सर ह्यूज यांचे चिरंजीव डेरेक ह्यूज यांनी जुन्या आवाजाशी जुळेल असा क्रॉसओव्हर त्यांच्यासाठी आखला. आतली सगळी युनिटं वेगळी, आवाज मात्र तोच, असा त्यांचा दावा, आणि बीबीसीने परवाना देऊन तो मान्य केला. दुसरं उत्तर फाल्कन अकूस्टिक्सचं. ही कंपनी १९७२मध्ये काढली होती माल्कम जोन्स यांनीच. चाळीस वर्षांनंतर फाल्कनने त्यांच्याच मदतीने बी११० आणि टी२७ पुन्हा घडवले, आणि २०१४च्या सुमारास १५ ओहमची पेटी मूळ आराखड्यानुसार बाजारात आणली. पुढे ग्रॅहम ऑडिओ आली, रॉजर्सही परत आली. म्हणजे आज, १९७०च्या गाडीसाठी केलेली ही पेटी कोरी करकरीत विकत मिळते. त्याशिवाय चीनमध्ये बनलेल्या नकला आहेत. त्यांतल्या काही बऱ्या वाजतात, काहींच्या फेल्टआड भलताच ट्वीटर निघतो. विकणारा आतला फोटो द्यायला कां-कू करत असेल तर विषय तिथेच संपवावा.

आपल्याकडे ही पेटी सर्रास कधीच नव्हती. परवाना-राजवटीत परदेशी हाय-फाय राजरोस आणणं जवळपास अशक्य होतं. आखातातून येणाऱ्याच्या सामानात जपानी टू-इन-वन असायचा. इंग्लंडहून येणाऱ्याने पाच-पाच किलोच्या दोन लाकडी पेट्या का आणाव्यात? इथला शौकीन कोलकात्याच्या सोनोडाइनवर किंवा कॉस्मिकवर भागवायचा, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून, तापकीर गल्लीतून युनिटं आणून सुताराकडून पेटी करून घ्यायचा. या घरच्या पेट्यांत एलएस३/५एची मापं फिरत असत. मापं बरोबर असून उपयोग नव्हता, कारण आत बी११० नव्हता. पाच लिटरच्या पेटीत भलता वूफर घातला की तो डब्यातून बोलतो.

आज परदेशस्थ नातेवाइकामार्फत आणणं हाच बहुतेकांचा मार्ग आहे, किंवा नवी जोडी आयातकर आणि जीएसटी भरून. इथे या पेटीची एक सोय कुणी सांगत नाही: तिला वीज लागत नाही. जपानहून आणलेला अँप १०० व्होल्टचा, अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट घातला की धूर. अमेरिकेतल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची पुली ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झवर गाणं मंद फिरतं. स्पीकर कुठूनही आणा, तो तसाच वाजतो.

दुसरी सोय हवेची. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुन्या स्पीकरांचा खरा शत्रू दमट हवा. ज्यांच्या वूफरची कड फोमची असते ती दहा-पंधरा पावसाळ्यांत चिकट होते आणि बोट लावलं की चुरा हातात येतो. बी११०ची कड निओप्रीन रबराची. ती चाळीस वर्षांनंतरही लवचीक सापडते. बेक्स्ट्रीनच्या शंकूलाही ओल बाधत नाही. बिघडतं ते बाहेरचं: व्हिनिअर कोपऱ्यातून सुटतं, स्क्रू गंजतात, सॉकेटवर हिरवट थर चढतो. हे सगळं सुतार आणि बारीक सँडपेपर यांच्या आवाक्यातलं काम आहे.

जुनी जोडी घ्यायची तर पाठीवरचे क्रमांक आधी पाहावेत. या पेट्या जोडीने जुळवून विकल्या जात. रॉजर्सने तर एकाच क्रमांकापुढे ए आणि बी लावून दिल्या. न जुळणाऱ्या क्रमांकांच्या पेट्या म्हणजे दोन मोडलेल्या संसारांतली भांडी. किंमत त्या मानाने पाडून मागावी. मग टॉर्चने ट्वीटरचा घुमट पाहावा, लहान मुलांच्या बोटांना त्याचं फार आकर्षण असतं. पुढच्या फळीचे स्क्रू कुणी फिरवलेत का, हे त्यांच्या खाचा सांगतात. शेवटी अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्वांची जुनी ७८ची रेकॉर्ड लावावी, म्हणजे तिचं आजचं रूपांतर. ती मुद्रणं एकमार्गी आहेत, डावा-उजवा भेद त्यांत नाही. पेट्या खरोखर जुळलेल्या असतील तर गळा बरोबर मध्यावर, अरुंद आणि स्थिर राहतो. तो स्वरागणिक डावीकडे-उजवीकडे सरकत असेल तर एका पेटीचं काहीतरी बदललेलं आहे, मग पाटी कितीही सोनेरी असो.

आणि पाटीचे पैसे द्यायचेच नसतील तर जेआर१४९ शोधावी. रॉजर्स कंपनीचे संस्थापक जिम रॉजर्स यांनी आपल्या पुढच्या कंपनीतून १९७७मध्ये काढलेला हा स्पीकर. आत केईएफचेच बी११० आणि टी२७, बाहेर अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं. बीबीसीचा शिक्का नाही, क्रॉसओव्हर वेगळा, किंमत बरीच खाली. आवाज एलएस३/५एचा नाही, पण नातं लगेच ओळखू येतं. त्याच्या अंगावर फोमचा अंगरखा असतो आणि तो आपल्या हवेत हमखास झडलेला मिळतो. विकणारा त्यापायी भाव पाडतो. नवा फोम गादीवाल्याकडे मापात कापून मिळतो, फक्त तो आरपार फुंकर जाईल असा मोकळ्या छिद्रांचा आहे का, एवढं तोंडाने फुंकून पाहावं.